गडावरची बाहुली

गेल्या दिवाळीत आमच्या घरी जो तंटा झाला, त्याचे मूळ एक चिंधीची बाहुली होती.

वाकडला आता किल्ल्यासाठी माती मिळणेही नशिबाची गोष्ट झाली आहे. माझ्या लहानपणी जिथे ज्वारी डोलत होती तिथे आज दहा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. तरी मुलांनी कुठल्याशा पायाच्या खोदाईतून दोन गोणी मुरूम पैदा केला आणि जिन्याखाली लोहगड उभारला. थोरल्याने मावळे मांडले, तोफा मांडल्या. धाकटी अकरा वर्षांची. तिने आपली बाहुली तळ्याच्या काठी नेऊन ठेवली. थोरला कडाडला, "गडावर मुली नसतात!" प्रकरण माझ्याकडे आले. मी पडलो शाळामास्तर. वीस वर्षे मुलांना इतिहास शिकवतो आहे. मी चष्मा सारखा केला आणि निकाल दिला, "दादाचे बरोबर आहे. गड म्हणजे लढाईची जागा."

बाहुली निमूटपणे खाली आली. पण धाकटीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तेव्हा सौ. म्हणाली, "एवढे मातीचे किल्ले करता, एकदा खरा तरी दाखवा तिला."

भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघे निघालो. पाठीवर मागून आणलेला तंबू, पिशवीत चिवडा आणि उरलेल्या करंज्या. चिंचवडला लोकल धरली, मळवलीला उतरलो. भाजे गावावरून वर गेलो की ती लेणी लागतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. भिक्षूंच्या दगडी ओट्यावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या आणि पुढे गायमुख खिंडीची चढण धरली. खिंडीत उभे राहिले की एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. भावाभावांनी पाठीला पाठ लावून उभे राहावे तसे हे दोन गड. त्यांतला विसापूर थोडा उंच, आणि ही थोडी उंचीच पुढे लोहगडाला नडली.

गडावर रात्रीचा मुक्काम करता येत नाही, म्हणून पायथ्याच्या लोहगडवाडीत एका घराच्या अंगणात तंबू ठोकला. घरच्या आजींनी पिठले-भाकरी दिली. थंडी मी म्हणत होती. दिवा मालवला, आणि इतका वेळ उड्या मारणारी धाकटी एकदम मुसमुसू लागली. "घरी जायचंय." सौ.ने जवळ घेतले, तरी हुंदके थांबेनात. काहीतरी सांगायचे म्हणून मी या गडाची कथा आठवू लागलो. १६६५ चा पुरंदरचा तह, मोगलांना दिलेले तेवीस किल्ले, त्यांत हा लोहगड, १६७० साली महाराजांनी तो परत घेतला. हे सारे मला तोंडपाठ होते. पण रडणाऱ्या मुलीला तहाची कलमे काय सांगावी? आणि तेव्हा कधीतरी वाचलेली, वर्गात मात्र कधीच न सांगितलेली एक गोष्ट आठवली.

नाना फडणविसांनी हा गड आपला विश्वासू माणूस धोंडोपंत नित्सुरे याच्या हाती सोपवला होता. नानांची दौलत इथे होती. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात वारले. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नीचे, जिऊबाईचे, वय होते नऊ वर्षे. नऊ! नानांच्या संपत्तीवर दुसऱ्या बाजीरावाची नजर, आणि १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले त्याची धामधूम. त्या वावटळीत ही पोर या गडावर धोंडोपंतांच्या आश्रयाला येऊन राहिली. पुढे १८०३ च्या एप्रिलात पुण्यास आलेल्या जनरल वेलस्लीने, ज्याने नंतर वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला त्यानेच, तिच्या सुरक्षिततेची हमी घेतली. वर्षाला बारा हजार रुपये ठरले, गड पेशव्यांकडे गेला आणि तिची रवानगी पनवेलला झाली.

धाकटीचे रडणे थांबले होते. अंधारातून प्रश्न आला, "म्हणजे ती इथे होती तेव्हा माझ्याएवढीच होती?"

मी बोटांवर हिशेब केला. "हो. तुझ्याएवढीच."

"मग तुम्ही दादाचं बरोबर आहे असं का म्हणालात?"

मास्तरकीत पुष्कळ अवघड प्रश्न झेलले. याला उत्तर नव्हते. "चुकलो," एवढेच म्हणालो. तंबूच्या त्या टोकाला थोरलाही जागाच होता, पण तो बोलला नाही.

सकाळी गड चढलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वळणावळणाने एकापाठोपाठ एक दरवाजे. थोरला तोफेची जागा शोधत होता. धाकटी पायऱ्यांची उंची पाहत होती. वर सोळा कोनांचे तळे आहे, नानांच्या वेळचे. ती त्याच्या काठी बराच वेळ बसली. दूरवर पवनेचे पाणी चमकत होते. मग विंचूकाट्याच्या चिंचोळ्या सोंडेवर गेलो आणि मी थोरल्याला समोरचा विसापूर दाखवला. ४ मार्च १८१८ ला इंग्रजांनी तो घेतला. उंचावर त्यांच्या तोफा आल्यावर लोहगडाचे काही चालण्यासारखे नव्हते. दुसऱ्याच दिवशी हाही गेला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. आता जगभरची माणसे इथले दरवाजे आणि बुरूज पाहायला येतील.

संध्याकाळी घरी पोचलो. जिन्याखालचा किल्ला अजून शाबूत होता. कोणी काही म्हणण्याआधी थोरल्यानेच दोन मावळे सरकवून तळ्याकाठी जागा केली. धाकटीने बाहुली ठेवली. शेजारच्या पोरांनी विचारले, "ही कोण?"

"जिऊबाई," ती म्हणाली. "तिला आता पनवेलला जायचंय."

मग ती वर धावत गेली आणि बाहुलीच्या अंगावर घालायला माझा रुमाल घेऊन आली. गडावर थंडी फार असते, हे तिला ठाऊक झाले होते.