बर्वे मार्ग, कृष्ण मेनन आणि न विचारलेला प्रश्न

कुर्ला पश्चिमेला महापालिकेचं एल विभाग कार्यालय ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव एस. जी. बर्वे मार्ग. दाखल्यांसाठी तिथे खेटे घालणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारलं, "सर, हे बर्वे कोण?" मी म्हटलं, १९६७ मध्ये आपल्या भागातून निवडून आलेले खासदार. "मग हरलं कोण?" मी नाव सांगितलं: व्ही. के. कृष्ण मेनन. वर्गात कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. एके काळी याच उपनगरांतल्या या माणसाच्या निवडणुकीकडे दिल्ली, लंडन आणि न्यूयॉर्कचे पत्रकार डोळे लावून बसले होते.

निवडणुकीचा मोसम आला की आपल्याकडे एक चर्चा हमखास होते. अखबारवाले आणि चॅनेलवाले ठरवतात का कोण निवडून येणार ते? मेनन यांच्या दोन निवडणुका पाहिल्या तर उत्तर वाटतं तेवढं सरळ नाही.

मेनन मूळचे कोझिकोडचे. तरुणपण लंडनमध्ये गेलं, स्वातंत्र्यानंतर तिथेच भारताचे उच्चायुक्त झाले. जानेवारी १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर ते दोन दिवस मिळून जवळजवळ आठ तास बोलले. त्या भाषणाने ते देशात एकदम नायक झाले. पुढच्या काही आठवड्यांतच उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि संरक्षणमंत्री झाले. त्यांना ना मराठी येत होती, ना धड हिंदी. तरी तेव्हा कुणाला ते खटकलं नाही.

पाच वर्षांत हवा पालटली. मेनन तिखट जिभेचे, अहंकारी, अमेरिकेवर टीका करणारे आणि डाव्यांच्या जवळचे. १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी त्यांच्याशी न पटल्यामुळे राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून परत घेतला. बढत्यांमध्ये वशिला चालतो, सीमेवर तयारी अपुरी आहे, असे आरोप होऊ लागले. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत त्यांच्यावर घणाघाती भाषण केलं. मग १९६२ च्या निवडणुकीत बिहारमधली आपली सीतामढीची जागा सोडून कृपलानी थेट मेनन यांच्यासमोर उत्तर मुंबईत उभे राहिले. स्वतंत्र पक्ष, जनसंघ आणि प्रजा समाजवादी, एरवी एकमेकांशी न पटणारे हे पक्ष त्यांच्या पाठीशी आले.

मुंबईची बहुतेक बडी इंग्रजी वर्तमानपत्रं मेनन यांच्या विरोधात होती. डी. एफ. कराका यांचं 'करंट' साप्ताहिक तर त्यांना मॉस्कोचा माणूस ठरवण्यात आघाडीवर होतं. 'टाइम'ने ऐन निवडणुकीच्या महिन्यात मेनन यांना मुखपृष्ठावर घेतलं, तेही काही कौतुकासाठी नव्हे. दुसऱ्या बाजूला रूसी करंजियांचं 'ब्लिट्झ' होतं. ते मेनन यांच्या बाजूने तितक्याच त्वेषाने लढत होतं. त्यात शेवटच्या पानावर ख्वाजा अहमद अब्बास लिहायचे. म्हणजे पक्षपात दोन्हीकडे होता. एकीकडे पैसा आणि खप जास्त, एवढाच फरक.

नेहरूंनी ही निवडणूक स्वतःची मानली. मुंबई काँग्रेसमधल्या अनेकांना मेनन नको होते, पण नेहरूंपुढे बोलणार कोण? नेहरूंच्या सांगण्यावरून दिलीपकुमार प्रचाराला उतरले. युसूफ खान या नावाचा एक पठाण मुलगा उपनगरातल्या मतदाराला सांगत होता की या मल्याळी माणसाला मत द्या, आणि समोर गुजराती, मराठी, सिंधी, उत्तर भारतीय सगळे ऐकत होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला होता, त्याचाही फायदा झाला. निकाल लागला तेव्हा मेनन यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मतं होती. फरक होता सुमारे १ लाख ४५ हजारांचा.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. धनदांडग्यांची वर्तमानपत्रं एका बाजूला, सामान्य मतदार दुसऱ्या बाजूला, आणि मतदार जिंकला. मलाही ती बरीच वर्षं अशीच आवडत होती.

पण त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. आपले जवान अपुऱ्या कपड्यांत, जुन्या बंदुका घेऊन हिमालयात उभे होते. महिना संपायच्या आत मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं आणि थोड्याच दिवसांत मंत्रिमंडळही. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण आजही अभिमानाने म्हणतो. पण हिमालयावर ती वेळ का आली? सैन्याच्या तयारीचा प्रश्न फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत छापलेला होताच की. फक्त तो शिवीगाळीत, 'कम्युनिस्ट' या शिक्क्यात आणि व्यंगचित्रांत इतका मिसळून गेला होता की मतदाराने सगळं एकाच टोपलीत टाकलं. शेठजींचे पेपर आहेत, असंच लिहिणार! पेपर पक्षपाती होते हे खरंच. पण त्यातली एक गोष्ट खरी होती आणि तीही फेकली गेली. दोष सगळा मेनन यांचा नव्हता, नेहरूंचा आणि इतरांचाही होता. तरी प्रश्न निवडणुकीत नीट विचारला गेला नाही, हे उरतंच.

आता १९६७. मतदारसंघांची फेररचना झाली होती, आपला भाग ईशान्य मुंबईत आला. नेहरू हयात नव्हते. मुंबई काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारलं. ते महाराष्ट्राचे नाहीत, हे एक कारण पुढे केलं गेलं. दहा वर्षं इथले खासदार असलेला माणूस अचानक बाहेरचा झाला. मेनन यांनी काँग्रेस सोडली आणि ते अपक्ष उभे राहिले. डावे त्यांच्यासोबत होते. काँग्रेसने उमेदवारी दिली स. गो. बर्वे यांना. ते माजी आयसीएस अधिकारी, कर्तबगार म्हणून नाव असलेले.

शिवसेना स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. 'मार्मिक' मात्र १९६० पासून निघत होतं आणि कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापत होतं. त्या याद्या वाचून तयार झालेल्या मनाला मेनन हे आयतं लक्ष्य मिळालं. सेनेने बर्व्यांसाठी काम केलं. मेनन सुमारे १३ हजार मतांनी पडले. निकालानंतर काही दिवसांतच, मार्चमध्ये, बर्व्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले.

गंमत पाहा. १९६२ च्या युद्धाचा जाब विचारायची खरी संधी १९६७ ची होती. ज्याला मेनन यांना पाडायचं होतं त्याच्याकडे भक्कम कारण होतं. पण गाजला तो प्रश्न 'हा आपला आहे का?' हा. आणि त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांसारख्या मराठी बड्या नेत्याला पाडलं! बाहेरचेपणाचं माप सगळ्यांना सारखं लागत नाही.

म्हणून मला वाटतं, वर्तमानपत्रं मत फिरवतात की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. १९६२ मध्ये त्यांना मत फिरवता आलं नाही. पण दोन्ही वेळा खरा प्रश्न हरवला. पक्षपाती माध्यमांचं मोठं नुकसान हेच: एक तर ती प्रश्न बदलतात, नाहीतर त्यांच्या खोटेपणामुळे त्यांनी छापलेलं खरंही कुणी मानत नाही.

हे दुसरं नुकसान आपण मुसलमान रोज सोसतो. २०२४ मध्ये 'व्होट जिहाद' हा शब्द ऐकून आपल्या घराघरांत टीव्ही बंद झाले. त्यात चूक काय? काहीच नाही. पण २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवरची साथ आली, मुलं दगावली, तेव्हा एका विद्यार्थ्याचे वालिद मला म्हणाले, "सर, चॅनेलवाले आपल्या बस्तीला बदनाम करतायत." धाकट्या मुलीला लस दिलेली नव्हती. मी त्यांना मराठी पेपरमधली बातमी दाखवली. ती त्यांनी मानली नाही. मग उर्दू अखबारातली तीच बातमी वाचून दाखवली, तेव्हा कुठे ते दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेले. मुलगी ठीक आहे, अल्हमदुलिल्लाह. पण एक दिवस फुकट गेला, आणि साथीत एक दिवस पुष्कळ असतो.

आपले उर्दू अखबारही यातून सुटत नाहीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मराठी पेपर 'एकगठ्ठा मतं' म्हणतो आणि उर्दू पेपर 'मिल्लतचा फैसला' म्हणतो. शब्द वेगळे, पण नळाला पाणी किती वेळ येतं आणि शाळेत शिक्षक किती आहेत, हे दोघांच्याही मथळ्यात नसतं.

त्या विद्यार्थ्याला मी एक काम दिलं आहे. पुढच्या निवडणुकीत दोन्ही भाषांतले पेपर घ्यायचे आणि उमेदवार कोण, कुठला, कोणाचा हे सांगणारी वाक्यं पेन्सिलीने खोडायची. मग खाली काय उरतं ते वहीत लिहायचं. उरलेलं कमी असेल. उमेदवार गल्लीत येईल तेव्हा त्याला विचारायचं ते तेवढंच.