शीतप्रदेशीय सरीसृपांचे संगोपन (हडपसर परिसर)

थंड वा समशीतोष्ण प्रदेशांतून आलेले साप, पाली व सरडे उष्ण कटिबंधात बंदिस्त जागेत सांभाळण्याची पद्धती. सरीसृप अनियततापी असल्याने त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालावर ठरते आणि माणसासारखा घाम त्यांना येत नाही. पाश्चात्त्य मार्गदर्शक पुस्तके प्राण्याला ऊब कशी द्यावी हे सांगतात. पुण्यात प्रश्न उलटा आहे. पेटी तापवायला एक दिवा पुरतो, थंड करायची तर सगळी खोलीच थंड करावी लागते.

हवामान : पुण्यात एप्रिलमध्ये सरासरी कमाल तापमान ३८° से.च्या आसपास असते, पण किमान २१° से.पर्यंत उतरते. दिवसभर तापलेल्या प्राण्याला रात्री मिळणारा हा उतार मुंबईच्या दमट उन्हाळ्यात मिळत नाही. पुण्यातील हडपसरलाही तो पुरता लाभत नाही. तेथील मगरपट्ट्यातील किमान तापमान शिवाजीनगर वा पाषाणपेक्षा पुष्कळदा काही अंशांनी जास्त नोंदले जाते. दाट बांधकाम हे त्यामागचे एक उघड कारण. काँक्रीट दिवसाची उष्णता रात्री सोडत राहते. शेवटच्या मजल्यावरची, पश्चिमेकडील भिंत तापणारी खोली या कामाला सर्वांत वाईट.

जाती : न्यू कॅलेडोनियातील क्रेस्टेड गेको ही पाल नामशेष झाल्याचे मानले जात होते, १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. तिला २२ ते २६° से. मानवते, २८-२९° से.च्या वर फार काळ राहिल्यास ती दगावू शकते. आग्नेय अमेरिकेतील कॉर्न स्नेक त्या मानाने काटक आहे. केनिया-टांझानियाच्या डोंगरांतील जॅक्सन सरड्याला दिवसाच्या सौम्य उबेइतकीच गार रात्रही लागते. न्यूझीलंडचा ट्वाटारा या यादीचे टोक. तो थंडीतही हालचाल करतो आणि खासगी पाळणाऱ्याच्या आवाक्यात मुळीच नाही.

गारवा : हवेचा कूलर बाष्पीभवनावर चालतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो चांगला उपयोगी पडतो, जूननंतर मात्र केवळ दमटपणा वाढवतो. एसी तापमान नेमके राखतो, पण हवा कोरडी करतो. मग कात तुकड्यांत निघते, बोटांवर व शेपटीच्या टोकाला अडकून राहते. म्हणून एसीच्या खोलीत ओलसर शेवाळाची डबी ठेवावी लागते. वीज गेली की घरगुती इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी सहसा चालत नाही. अशा वेळी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पेटीच्या एका बाजूस ठेवतात, म्हणजे प्राण्याला गार-उबदार जागा निवडता येते. काचेच्या बंद टाकीपेक्षा जाळीची पेटी बरी. तोंड उघडे ठेवून बसणे, सतत पाण्यात पडून राहणे, अन्न सोडणे ही धोक्याची लक्षणे होत.

पावसाळ्यात उष्णतेपेक्षा कोंदट ओल घातक ठरते. वारा खेळता नसेल तर खवल्यांवर बुरशी येते, श्वसनमार्गाचे विकार होतात. उलट हिवाळा ही पुण्याची देणगी आहे : डिसेंबर-जानेवारीतील गार रात्रींमुळे कॉर्न स्नेकला शीतनिष्क्रियतेची विश्रांती देणे सोपे जाते. ही विश्रांती केवळ निरोगी, पोट रिकामे असलेल्या सापालाच द्यावी.

संस्थात्मक अनुभव : सरीसृपांच्या संगोपनाची परंपरा या शहरात आहे. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झाले. ते आज राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. सह्याद्रीच्या ओल्या, सावलीच्या जंगलातला नागराजही तेथे ठेवलेला आहे. त्याच्यासाठी पुण्याचा उन्हाळा परकाच.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचीतील देशी साप, कासवे, घोरपडी घरी पाळता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार करारातील विदेशी जाती अनुसूची ४ मध्ये आल्या. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद परिवेश २.० या संकेतस्थळावर करावी लागते. जॅक्सन सरडा या करारात आहे. कॉर्न स्नेक व क्रेस्टेड गेको नाहीत, पण आयातीचे नियम त्यांनाही चुकत नाहीत. नको झालेला प्राणी मुठा नदीत किंवा तळ्यात सोडणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

हडपसरमध्ये कॉर्न स्नेक काळजीने सांभाळता येतो, क्रेस्टेड गेको एसीच्या भरवशावर. जॅक्सन सरडा मात्र चोवीस तास विजेची खात्री नसलेल्या घरात आणू नये.