शाळेची हद्द कोण ठरवतं आणि पालकांनी कधी बोलायचं?

मे महिन्याच्या शेवटी मोहल्ल्याच्या मोबाईल ग्रुपवर एक मेसेज फिरतो : "आपली उर्दू शाळा बंद होऊन पुढच्या गावात जाणार म्हणे." मग जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर चर्चा होते, दोन-चार जण पंचायत समितीत जाऊन येतात आणि "आता वरूनच आदेश आलाय" असं ऐकून परततात. खरं तर हा निर्णय एका दिवसात होत नाही. त्याआधी कित्येक महिने पटसंख्या, अंतर आणि शेजारच्या शाळेची माहिती वर जात असते. पालकांना बोलायची जागा त्या महिन्यांत असते, पण ती कुठे आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

हद्द म्हणजे काय?

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते. तिथे हद्दीची रेघ सरकवायची असेल तर शाळा मंडळ सहसा नकाशे लोकांपुढे ठेवतं आणि जाहीर सुनावणी घेतं. आपल्याकडे अशी कुंपणासारखी रेघ नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल 'हद्दीबाहेरचं' म्हणून सहसा परत पाठवत नाहीत. पण हद्द आपल्याकडेही आहे. कायद्यात तिला शेजारची किंवा परिसरातली शाळा म्हणतात. हा विचार जुना आहे, कोठारी आयोगाने (१९६४–६६) तो मांडला होता. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला परिसरातल्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला.

नियमातली अंतरं

- पहिली ते पाचवी : वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत शाळा.
- सहावी ते आठवी : ३ किलोमीटरच्या आत.
- नवी शाळा सुरू करताना साधारण २० मुलं उपलब्ध असावीत, अशी अट महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत आहे.

केंद्राच्या २०१० च्या नियमांत आणखी काही गोष्टी आहेत, त्या पालकांनी लक्षात ठेवाव्यात. तिथे अंतर 'चालत जाण्याचं' धरलं आहे. नकाशावर दोन ठिपके जोडून ९०० मीटर येतं, पण मधे ओढा, हायवे किंवा रेल्वेचे रूळ असतील तर मुलाच्या पायाला ते दोन किलोमीटर पडतं. रस्ता नसेल, पूर किंवा दरडीचा धोका असेल तर हे अंतर कमी करावं, असंही तिथे म्हटलं आहे. शाळा देणं शक्यच नाही अशा लहान वस्तीसाठी मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करायची. आणि प्रत्येक वस्तीसाठी कोणती शाळा परिसरातली आहे, हे स्थानिक प्राधिकरणाने जाहीर करायचं.

हद्द न आखता हद्द कशी बदलते?

आपल्याकडे नवा नकाशा क्वचितच निघतो. हद्द बदलते ती तीन वाटांनी.

पहिली वाट पटसंख्येची. पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पट घसरला की पद जातं, शिक्षक कमी झाला की पालक मूल काढतात आणि पट आणखी घसरतो.

दुसरी वाट समायोजनाची. कमी पटाची शाळा शेजारच्या शाळेला जोडली जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आणली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा, ज्या तेव्हा राज्यात सुमारे १५ हजार होत्या, त्यांतली मुलं एका मोठ्या, सुसज्ज शाळेत बसने आणायची असा तो विचार. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्याची उदाहरणं म्हणून दिली गेली. पालक, शिक्षक संघटना आणि शिक्षण क्षेत्रातल्या लोकांनी त्याला मोठा विरोध केला.

तिसरी वाट वर्ग तोडण्याची. शाळा राहते, पण वरचे वर्ग पुढच्या गावच्या शाळेला जातात. कागदावर शाळा बंद झालेली नसते, म्हणून गवगवा होत नाही. पण पाचवी झालेल्या मुलीचा शाळेचा रस्ता एका रात्रीत तिप्पट होतो.

माध्यमाचा प्रश्न

आपल्या समाजासाठी खरी मेख इथे आहे. अंतराच्या नियमात 'शाळा' म्हटलंय, कोणत्या माध्यमाची ते म्हटलेलं नाही. समजा कोकणातल्या एका मोहल्ल्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेचा पट ११ आहे आणि ६०० मीटरवर मराठी शाळा आहे. कागदावर मुलांना १ किलोमीटरच्या आत शाळा मिळतेच. पुढची उर्दू शाळा पाच किलोमीटरवर असली तरी त्या रकान्यात ते दिसत नाही.

आपल्यातली अनेक मुलं मराठी माध्यमात उत्तम शिकतात, आणि उर्दू शाळेतही मराठी विषय असतोच. प्रश्न मराठीला विरोध करण्याचा नाहीच. पण तिसरीतलं मूल, जे उजवीकडून डावीकडे घडाघडा वाचत होतं, ते अचानक दुसऱ्या लिपीच्या वर्गात बसवलं तर काय होतं ते आम्ही शिक्षक बघतो. काल हात वर करणारं पोर मागच्या बाकावर गप्प बसतं. माध्यम बदलायचंच असेल तर ते पालकांनी विचारपूर्वक, शक्यतो पहिलीपासून ठरवावं. मधल्याच वर्गात एखाद्या आदेशाने ते होऊ नये.

यासाठी आधार दोन. घटनेचं कलम ३५० क : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ : शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. 'शक्य तिथवर' या शब्दांमुळे हा आधार पोलादी नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख असायलाच हवा.

एक गैरसमजही दूर करू. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची उर्दू शाळा ही कायद्याने 'अल्पसंख्याक संस्था' नाही, ती सरकारी शाळा आहे. कलम ३० चा हक्क अल्पसंख्याकांनी स्वतः काढलेल्या आणि चालवलेल्या संस्थांना आहे. अर्जात कलम ३० लिहून दिलं तर साहेब पहिल्याच मिनिटाला तो बाजूला ठेवतील.

शहरात उलटी तऱ्हा

भिवंडी, मालेगाव, गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत प्रश्न कमी पटाचा नाही, खचाखच वर्गांचा आहे. शाळा जवळ आहे, पण जागा नाही. मग दोन अधिवेशनं भरतात. इथे अंतराचा मुद्दा चालत नाही. दाट वस्तीत एकाहून जास्त परिसर-शाळा सुरू करता येतात ही नियमातली तरतूद मांडावी लागते. पहिली ते पाचवीत २०० मुलांपर्यंत पटानुसार किती शिक्षक हवेत आणि सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, हे कायद्याच्या परिशिष्टात आहे. आपल्या शाळेचा हिशोब त्याच्याशी ताडून बघावा.

एक किलोमीटरचा दुसरा धडा

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला : सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या परिघात असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के मोफत प्रवेशातून सूट. त्यामुळे शहरांतल्या बहुतेक खासगी शाळा गरीब मुलांना बंद झाल्या असत्या. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने हा बदल रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. म्हणजे अंतराचा नियम दगडावरची रेघ नाही, पालकांनी वेळेत हालचाल केली तर तो तपासला जातो. (अल्पसंख्याक खासगी शाळांना मात्र ही २५ टक्क्यांची अट लागू नाही.)

बोलायचं कुठे?

१. शाळा व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, मुख्याध्यापक सचिव. शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. समितीचा लेखी ठराव हा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत समितीची भूमिका फक्त सल्ल्याची असते, हे ध्यानात ठेवा.

२. ग्रामसभा किंवा नगरसेवक. समितीचा ठराव ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. शाळेचा प्रश्न एका मोहल्ल्याचा न राहता गावाचा होतो. शेजारच्या वाडीतल्या मराठी शाळेचाही पट कमी असेल तर दोघांनी मिळून जा, वजन पडतं.

३. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

४. कलम ३२ ची तक्रार. मुलाच्या शिक्षण हक्काबद्दल स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

अर्जात काय लिहायचं?

'आमच्यावर अन्याय होतोय' एवढ्यावर काही हलत नाही. हे लिहा :

- वस्तीतल्या ० ते १४ वयाच्या मुलांची यादी. अशी नोंद ठेवणं स्थानिक प्राधिकरणाचंही काम आहे, ती मागून घ्या आणि आपली यादी तिच्याशी ताडून बघा.
- घर ते नवी शाळा हे चालत मोजलेलं अंतर, आणि वाटेतला ओढा, हायवे, निर्जन पट्टा. पावसाळ्यातला फोटो जोडा.
- मुलांचं सध्याचं माध्यम आणि त्याच माध्यमाची पुढची शाळा किती दूर.
- पाचवीनंतर किती मुली पुढे जातात, आणि अंतर वाढल्यास कोणत्या घरांतून मुलगी थांबवली जाण्याची भीती आहे.
- शाळा हलवायचीच असेल तर काय हवं : समग्र शिक्षा योजनेतली वाहतूक, उर्दूचा शिक्षक, सोबत जायला मदतनीस. हे आदेशाआधी लेखी मागा.

थोडं आपल्याबद्दल

पट सप्टेंबरअखेर मोजला जातो आणि शाळा वाचवायची धावपळ जूनमध्ये होते. मधल्या काळात आपणच मुलांना व्हॅनमध्ये बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतो. तो प्रत्येक पालकाचा हक्क आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ज्यांच्याकडे व्हॅनचे पैसे नाहीत त्यांची मुलं मागे उरतात आणि शाळा बंद झाली की पाय त्यांचेच भाजतात. तशीच हीही गोष्ट खरी की चार वर्ग, सात मुलं आणि एकच शिक्षक अशी शाळा केवळ आपली म्हणून चालू ठेवणं मुलांच्या भल्याचं असेलच असं नाही. कधी चांगली बस आणि चांगली शाळा हा योग्य सौदा असतो. तो सौदा ठरताना त्या सात मुलांच्या आया तिथे बसलेल्या असाव्यात, एवढंच आमचं म्हणणं.

तेव्हा या महिन्यात एक काम करा. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा : आजचा पट किती, समितीची शेवटची बैठक कधी झाली, आणि शाळेबद्दल वर कोणता प्रस्ताव गेला आहे का. उत्तर नीट मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज टाका. जूनची वाट बघू नका.