पेशीचे आत्मभक्षण आणि कर्करोगाचे औषध

उपासात शरीर आपलीच चरबी खर्चून दिवस काढते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. शरीरातील एकेक पेशीही तेच करते, हे कळावयास मात्र विसावे शतक अर्धे उलटावे लागले. बेल्जियममधील लूव्हाँ येथे क्रिश्चियन द दूव यांनी १९५५ साली पेशीतील पाचकरसांच्या पिशव्यांस ‘लायसोसोम’ हे नाव दिले. पेशी आपलेच जीर्ण भाग त्यांत पचविते. या क्रियेचे ‘ऑटोफॅजी’, म्हणजे आत्मभक्षण, हे नामकरणही त्यांनीच १९६३ मध्ये केले. बारसे झाले खरे, पण पुढील पंचवीस वर्षे बाळ फारसे वाढले नाही.

ते वाढविले जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी, आणि तेही यीस्टसारख्या क्षुद्र जीवाच्या साहाय्याने. ज्यांत पाचकद्रव्ये उणी आहेत अशा यीस्टच्या पेशी त्यांनी १९८८ च्या सुमारास टोकिओत उपाशी ठेवल्या. गिळलेले दिसावे, पण पचू नये, ही त्यांतील युक्ती! काही तासांतच पेशीतील पोकळी सूक्ष्म पुटिकांनी भरून गेली. १९९३ मध्ये या क्रियेस आवश्यक अशी १५ जनुके त्यांच्या हाती लागली. नोबेल पारितोषिक मिळाले २०१६ साली.

कर्करोगाशी संबंध जुळला तो मात्र उलटसुलट. १९९९ मध्ये बेथ लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, आत्मभक्षणाचे ‘बेक्लिन-१’ हे जनुक स्तनाच्या कर्कपेशींत पुन्हा कार्यान्वित केले असता उंदरांतील गाठींची वाढ मंदावते. म्हणजे ही क्रिया रक्षक ठरली. परंतु गाठ एकदा मोठी झाली, रक्तपुरवठा अपुरा पडू लागला, औषधांचा मारा सुरू झाला, की हीच क्रिया कर्कपेशीची शिदोरी बनते. रक्षकच शत्रूला रसद पुरवू लागतो!

ही रसद तोडावयास नवे औषध शोधावे लागले नाही. १९३४ साली जर्मनीत हिवतापासाठी बनविलेले क्लोरोक्विन लायसोसोममध्ये शिरून तेथील आम्लता घटविते व पचन थांबविते. २००७ मध्ये उंदरांतील लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर त्याचा गुण दिसला. मग त्याचेच सौम्य भावंड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, रुग्णांना देण्यात आले. स्वादुपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ११२ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांबरोबर हे दिलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. न दिलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. पण वर्षअखेर हयात होते ते अनुक्रमे ४१ आणि ४९ टक्के. गाठ आक्रसली, आयुष्य वाढले नाही. आणि रुग्णाला हवे असते ते आयुष्य.

क्लोरोक्विन पचनाचा शेवटचा टप्पा अडविते, आणि तेथे इतर कामेही बिघडविते. म्हणूनच संशोधक आता या क्रियेच्या आरंभीच्या ‘यूएलके’ या प्रथिनांकडे वळले असून, त्यांना रोधणाऱ्या औषधाच्या मानवी चाचण्या २०२१ पासून सुरू झाल्या.