वर्गाध्यापनातील ऑनलाइन व्हिडिओ

यूट्यूब, दीक्षा यांसारख्या मंचांवरील चित्रफितींचा शिक्षकाने चालू तासात, पाठाच्या ओघात केलेला वापर. शिक्षक रजेवर असताना वर्ग शांत बसावा म्हणून लावलेला व्हिडिओ येथे अभिप्रेत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत असले, तरी शिकण्याच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पडद्यावरून शिकवण्याची कल्पना भारतात जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या प्रयोगात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. तिच्यावर शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम असत. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्याला बालचित्रवाणी सुरू झाली. मात्र प्रक्षेपणाची वेळ शाळेच्या हाती नव्हती. कार्यक्रम लागेल तेव्हा पाहायचा, आणि एखाद्या मुलाला शंका आली तरी तो पुढे जाणारच. यूट्यूब २००५ मध्ये आले आणि ही अडचण दूर झाली. व्हिडिओ हवा तेव्हा लावता येऊ लागला, मागे नेता येऊ लागला आणि मुख्य म्हणजे मध्येच थांबवता येऊ लागला. चित्र अधिक सुबक झाले, रंग आले, ॲनिमेशन आले. पण शिक्षकाला खरी सत्ता मिळाली ती या थांबवण्यामुळे.

दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’ या पाठातील मुक्त पतन घ्या. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचे पीस एकदम सोडले. हवा नसल्याने दोन्ही एकाच वेळी जमिनीवर पडले. हे दृश्य नुसते दाखवले, तर मुले ‘वा!’ म्हणतात आणि घंटा वाजते. तेच दृश्य हात सुटण्यापूर्वी थांबवून ‘आधी काय पडेल? वहीत लिहा, कारणही लिहा’ असे सांगितले की वर्गात वाद सुरू होतो. पैज लागल्यावर पाहणाऱ्याची नजर बदलते. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयोगप्रदर्शनांबाबत केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच आढळले. प्रयोग केवळ पाहणारे विद्यार्थी तो न पाहिलेल्यांपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. आधी अंदाज बांधणाऱ्यांची समज मात्र स्पष्टपणे वाढली.

सुबोध व्हिडिओही फसवू शकतो. पुढे ‘व्हेरिटासियम’ या वाहिनीमुळे प्रसिद्ध झालेले डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठातील आपल्या पीएच.डी. संशोधनात (२००८) भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन प्रकारच्या चित्रफिती दाखवल्या. सरळ, नेटके स्पष्टीकरण असलेली फीत विद्यार्थ्यांना आवडली, समजल्यासारखीही वाटली. पण चाचणीत फरक जेमतेम पडला. जिच्यात विद्यार्थ्यांचेच नेहमीचे गैरसमज आधी मांडून मग खोडले होते, ती त्यांना गोंधळाची वाटली, परंतु तिने अधिक शिकवले. म्हणून ‘कळले का?’ या प्रश्नाला मिळालेल्या एकसुरी होकारावर व्हिडिओचे यश मोजू नये.

लांबीबाबत एडएक्स या मंचावरील ६९ लाख पाहण्यांच्या नोंदींचा २०१४ मधील अभ्यास प्रसिद्ध आहे. व्हिडिओ कितीही मोठा असला, तरी तो पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. ही निरीक्षणे आपापल्या पडद्यासमोर एकटे बसणाऱ्यांची आहेत, तेव्हा वर्गाला ती जशीच्या तशी लावता येत नाहीत. तरीही पस्तीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटांची फीत सलग लावणे म्हणजे शिक्षकाने आपले काम सोडून देणे होय.

महाराष्ट्रात या वापराला पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे बळ मिळाले. परितेवाडी (ता. माढा, जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडून मुलांना चित्रफिती, गोष्टी व स्वाध्याय उपलब्ध करून दिले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. केंद्र शासनाचा दीक्षा मंच २०१७ चा. बालभारतीच्या पुस्तकांतील कोडही या मंचाशी जोडले गेले. अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत तयार केलेल्या टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या छोट्या फिती मराठीतही आहेत. या प्रकारात त्यांना तोड नाही, कारण त्या पाहून संपत नाहीत. मुलाला स्ट्रॉ, चुंबक, बाटली घेऊन खेळणे करूनच पाहावे लागते.

प्रत्यक्षात अडचणी साध्या असतात. नेट नसते, म्हणून अनुभवी शिक्षक दीक्षा ॲपवरील फीत आदल्या दिवशीच उतरवून ठेवतात. मागच्या बाकांपर्यंत आवाज पोहोचत नाही. सर्वांत मोठी अडचण भाषेची. चांगल्या फितींपैकी पुष्कळ इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमाची मुले चित्र सोडून शब्दांच्या मागे धावतात. अशा वेळी आवाज बंद करून शिक्षकाने स्वतः बोलावे. त्याला आपल्या वर्गातील मुलांची नावे आणि त्यांच्या शंका ठाऊक असतात, त्यामुळे कुठे थांबायचे हेही त्यालाच कळते.