काळ्या वाळूची साक्ष

थोडा किरणोत्सर्ग शरीराला हितकारक असतो, असे मानणारा एक पक्ष शंभराहून अधिक वर्षे जगात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत रेडियमचे पाणी टॉनिक म्हणून विकले जाई. एबेन बायर्स हे अमेरिकी उद्योगपती ते नेमाने पीत. जबड्याची हाडे झिजून १९३२ साली त्यांचा मृत्यू झाला आणि तो बाजार बसला. कल्पना मात्र उरली. १९८० साली थॉमस लकी यांनी ‘हॉर्मेसिस’ या नावाने ती पुन्हा मांडली: मोठी मात्रा मारक असली, तरी अल्प मात्रा शरीराला उत्तेजन देते. उलट, किरणसंरक्षणाचे नियम असे धरून चालतात की मात्रा घटेल तसा धोका घटतो, पण शून्य होत नाही.

या वादात भारताची साक्ष वारंवार काढली जाते. बालाघाटावरच्या ईटसारख्या आपल्या गावांखाली काळा पाषाण आहे. त्यात युरेनियम-थोरियम थोडेच. केरळात कोल्लमजवळच्या चवरा-नींडकरा किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मात्र मोनाझाइट आहे आणि मोनाझाइटात थोरियम. तिथे काही जागी वर्षाला ७० मिलीग्रेपर्यंत मात्रा मोजली गेली आहे. कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदत आली आहेत.

त्यांच्या अभ्यासाची सूत्रे मुंबईत, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात होती. तिथले जीवशास्त्रज्ञ ए. आर. गोपाल-अय्यंगार यांनी सहकाऱ्यांसह १९७१ च्या जिनिव्हा परिषदेत या वस्तीवरचा निबंध सादर केला. १९७६ साली दिल्लीच्या ‘एम्स’मधील कोचुपिल्लै आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले, की या पट्ट्यात डाउन सिंड्रोमचे प्रमाण जास्त आढळते. त्यांच्या निष्कर्षावर आक्षेप आले. पुढे नवजात बालकांच्या मोठ्या पाहणीत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. २००९ साली करुनागप्पळ्ळीच्या सुमारे ७०,००० रहिवाशांचा सरासरी दहा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला: मात्रेबरोबर कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

हितवादी याच निष्कर्षाला आपला पुरावा मानतात. पण धोका वाढलेला न दिसणे वेगळे आणि तो घटलेला दिसणे वेगळे. लहानसा धोका एवढ्या पाहणीतही लपून राहू शकतो. शिवाय २००२ साली याच किनाऱ्यावरच्या कुटुंबांत आईकडून मिळणाऱ्या जनुकद्रव्यात जास्त बदल आढळले; ते रोगाचे लक्षण नसले, तरी किरणांचा स्पर्श तिथवर पोचत असल्याची ती खूण आहे. २०२३ साली फ्रान्स, ब्रिटन व अमेरिकेतील तीन लाखांहून अधिक अणुकर्मचाऱ्यांच्या अभ्यासाने तर अल्प मात्रेतही मात्रा वाढेल तसे कर्करोगाने होणारे मृत्यू वाढतात, असे दाखवले.

महाराष्ट्रात तारापूरची वीज १९६९ पासून आहे आणि जैतापूरचा प्रश्न अजून मिटलेला नाही. म्हणून हा वाद आपल्यालाही परका नाही. ज्या अणुखात्याला भट्ट्या उभारायच्या आहेत, त्याच्याच प्रयोगशाळांनी केरळातले बरेचसे मोजमाप केले. एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. मात्र स्वतंत्र तपासणीची गरज वाढते. काळ्या वाळूने आजवर फार तर ‘मोठा अपाय दिसला नाही’ एवढेच सांगितले आहे. ‘उपाय झाला’ हे शब्द तिच्या तोंडी इतरांनी घातले आहेत.