टिटवीची जागा

आपण इथं राहायला आलो तेव्हा नातेवाईक विचारायचे, "त्या ओसाड माळावर कशाला घर घेतलंत?" रात्री कोल्हेकुई ऐकू आली की पोरं आईला बिलगायची. माळ ओसाड नव्हताच.

बारामती-इंदापूरचा इतिहास म्हणजे पाण्याचा इतिहास. १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि माळाचा ऊस झाला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. गावं उठली आणि भिगवणच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरू लागले. कुणाचं घर गेलं, कुणाला नवं मिळालं. चिंकारा, लांडगा, खोकड यांना मात्र गवताळ माळच लागतो. त्यातल्या चिंकाऱ्यासाठी सुप्याला १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा दिसतो.

आपल्या मागच्या मोकळ्या जागेत दर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालायची. घरटं कसलं, खड्यांतला नुसता खळगा! पार्किंगसाठी तिथं पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला. "नाहीतरी रात्री ओरडते, अपशकुनच तो," असंही कुणी म्हणालं. मीही हात वर केला. पुढच्या उन्हाळ्यात टिटव्यांची जोडी त्या ब्लॉकवर दोन दिवस फिरली आणि निघून गेली.

आता पाण्याच्या टाकीमागं तेवढा एक तुकडा उरलाय. यंदा तिथं पुन्हा एक जोडी दिसली. तो तुकडा तसाच ठेवावा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. अनुमोदन द्याल ना?